जुळणीचा संगणक

जव्हारचें मुकणे घराण्याचें संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि २०१४ सालीं ठाणे जिल्ह्याचें विभाजन होऊन जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके नव्या पालघर जिल्ह्यांत आले. राज्य बदललें, जिल्हा बदलला. घाटाची वाट मात्र तीच राहिली. आगगाडी या डोंगरावर अद्यापि आलेली नाहीं. जव्हारहून मुंबई सुमारें दीडशें किलोमीटर, नाशिक सुमारें ऐशीं. अशा गांवांतील एखादा विद्यार्थी खेळ खेळण्याजोगा संगणक थोडक्या पैशांत, सुटे भाग आणून घरींच जुळवावा असें मनांत आणतो, तेव्हां भागांच्या गुणांपेक्षां त्यांच्या सोयरिकीचा प्रश्न अधिक बिकट ठरतो. एक भाग दुसर्‍यास बसला नाहीं तर पुन्हा एस्‌. टी., पुन्हा तिकीट. आणि दुकानदार तो भाग परत घेईलच असें नाहीं.

हे भाग परस्परांस न ओळखणार्‍या, देशोदेशींच्या कारखान्यांत तयार होतात. तरीहि ते एकमेकांस बसतात, ही गोष्ट वाटते तितकी स्वाभाविक नव्हे. जव्हारकडील तारप्याचा कारागीर वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचें पान आणि मेण एकाच हाताखालीं जमवितो. एका तारप्याची नळी दुसर्‍यास बसावी अशी अपेक्षा कोणी करीत नाहीं. आरंभींचे संगणक याच जातीचे होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं बांधलेला संगणक १९६० सालीं चालूं झाला. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें नांव 'टिफ्रॅक' असें ठेविलें. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नलिका होत्या. तें अख्खें यंत्र एकाच संस्थेनें आपल्यापुरतें रचलें. त्याचा जोडभाग बाजारांत मागण्याचा प्रश्नच नव्हता.

पारडें फिरलें तें १९८१ सालीं. ऑगस्ट महिन्यांत आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीनें आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारांत आणला. घाई इतकी होती कीं, प्रोसेसर इंटेलचा आणि कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची घेऊन काम भागविलें गेलें. जादा कार्डें बसविण्यास पांच खांचा ठेविल्या आणि विद्युत्‌-आकृत्यांसह सर्व माहिती पुस्तकरूपानें विक्रीस काढली. यंत्र सुरू होतांच प्रथम जागा होणारा 'बायोस' नांवाचा लहानसा कार्यक्रम, तोहि त्यांत छापला होता. पण त्याची नक्कल करण्यास कायद्याची मनाई होती. 'कॉम्पॅक' कंपनीनें ही मनाई न मोडतां ओलांडली. एका गटानें बायोस काय काय करतो याचें वर्णन लिहून दिलें. मूळ मजकूर डोळ्यांनींहि न पाहिलेल्या दुसर्‍या गटानें त्यावरून नवा बायोस रचला. १९८३ सालीं त्यांचें यंत्र विक्रीस आलें. अशा यंत्राचा मेळ खरा कीं दिखाऊ, हें ओळखण्याची कसोटी मोठी मौजेची होती. लोक त्यावर 'लोटस १-२-३' हा हिशेबाचा कार्यक्रम आणि मायक्रोसॉफ्टचा विमान उडविण्याचा खेळ चालवून पाहात. विमान उडालें कीं यंत्र जुळलें! संगणकावरील खेळांस निव्वळ उनाडकी समजणार्‍या वडीलधार्‍यांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

१९८७ सालीं आय. बी. एम.नें नवी, परवान्याची खांच काढून हा मोकळेपणा आवरूं पाहिला. परंतु तोंवर बाजार तिच्या हातून निसटला होता. १९९५ सालीं इंटेलनें 'एटीएक्स' हें माप घालून दिलें आणि बोर्ड, कॅबिनेट व एस. एम. पी. एस. यांची सांगड बसली. इकडे १९८४ च्या संगणक-धोरणानें आयातीचीं बंधनें सैल झालीं. ग्रँट रोड स्टेशनाजवळचा लॅमिंग्टन रोड हा सुट्या भागांचा व 'असेंबल्ड' संगणकाचा बाजार म्हणून गाजला तो त्यानंतरच.

एक फूट मात्र कायमची पडली. कांहीं काळ इंटेल व ए. एम. डी. या दोघांचेहि प्रोसेसर एकाच बोर्डावर बसत. १९९७ सालीं इंटेलनें आपली वेगळी खांच केली. १९९९ सालीं ए. एम. डी.नें केलेली खांच आकारानें जवळजवळ तीच, पण विजेच्या जोडणीनें निराळी होती. तेव्हांपासून प्रोसेसर ठरला कीं बोर्डाचें कुळ ठरतें. पुढें तर एकाच कुळांतहि पोटभेद झाले. ए. एम. डी.ची 'एएम ४' बैठक डीडीआर ४ स्मृति मागते, २०२२ सालची 'एएम ५' डीडीआर ५. दोन्ही स्मृतिपट्ट्यांस २८८ टोकें. पण खांच सरकलेली, म्हणून एक दुसरीच्या जागीं बसत नाहीं. ही अडचण निदान डोळ्यांस दिसते. न दिसणारी अडचण अधिक फसवी. २०१८ सालच्या 'बी ४५०' बोर्डावर २०२० सालच्या रायझेन ५००० मालिकेचा प्रोसेसर अलगद बसतो. परंतु बोर्डावरील बायोस जुना असला तर पडदा काळाच राहतो. चाळीस वर्षांपूर्वीं ज्या बायोसवर सारा मेळ अडला होता, तोच येथें पुन्हा आडवा येतो.

पैसे बेताचे असतील तर २०१८ पासून आणखी एक वाट मोकळी आहे. 'रायझेन ३ २२०० जी' सारख्या प्रोसेसरांत चित्रें रंगविण्याची शक्ति अंगभूतच असल्यानें निराळ्या ग्राफिक्स कार्डावांचून साधे खेळ चालतात. मात्र तें चित्रकाम मुख्य स्मृतींतूनच होतें. म्हणून सोळा जी. बी.ची एक पट्टी घेण्यापेक्षां आठ-आठच्या दोन घेतलेल्या बर्‍या. काटकसर एस. एम. पी. एस.मध्यें करूं नये. पावसाळ्यांत घाटावरची वीज जाते-येते, आणि हलका एस. एम. पी. एस. जळतांना बोर्डासहि बरोबर नेऊं शकतो. कार्ड पुढें घालावयाचें असल्यास त्याची लांबी कॅबिनेटांत मावते कीं नाहीं हें आधींच मोजावें.

बोर्डाचे कारखानदार त्यावर चालणार्‍या प्रोसेसरांची यादी, लागणार्‍या बायोसच्या क्रमांकासह, प्रसिद्ध करतात. ती जव्हारच्या घरींच वाचून क्रमांक कागदावर टिपून नेतां येतो. दुकानांतील बोर्डावर त्याहून जुना बायोस असल्यास तो तेथेंच, गाडी पकडण्यापूर्वीं, बदलून मागावा.