एअर कॅनडा ७५९ : सॅन फ्रान्सिस्को येथे टळलेला अपघात

७ जुलै २०१७ रोजी रात्री बाराला चार मिनिटे असताना सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर उतरणारे एक प्रवासी विमान, उड्डाणासाठी टॅक्सीवेवर रांगेत थांबलेल्या चार विमानांवर आदळता आदळता वाचले. कोणालाही इजा झाली नाही. मात्र पाचही विमानांत मिळून हजारावर माणसे होती.

टोरंटोहून १४० जणांना घेऊन आलेल्या या एअरबस ए-३२० विमानाला २८-आर या धावपट्टीवर उतरण्याची परवानगी होती. तिच्या डावीकडची समांतर धावपट्टी २८-एल त्या रात्री अकरापासून बंद होती आणि तिचे दिवे मालवलेले होते. दोन्ही धावपट्ट्या चालू आहेत असे धरून चाललेल्या वैमानिकांनी उजळलेल्या २८-आरलाच २८-एल मानले आणि तिच्या उजवीकडच्या टॅक्सीवे 'सी'वर विमान रोखले. समोर दिवे दिसत असल्याची शंका त्यांनी विचारलीही. नियंत्रण मनोऱ्यातून धावपट्टी मोकळी असल्याचे उत्तर आले. उत्तर अगदी खरे होते, २८-आर मोकळीच होती. म्हणूनच ते धोकादायक ठरले.

रांगेतल्या पहिल्या विमानाच्या वैमानिकाने रेडिओवरून हे विमान टॅक्सीवेवर येत असल्याचे सांगितले. दुसऱ्या, फिलिपाइन एअरलाइन्सच्या ए-३४० विमानाने आपले दिवे लावले. एअर कॅनडाच्या वैमानिकांनी विमान पुन्हा वर घेतले. वर जाण्याचा नियंत्रकाचा आदेश त्यानंतर आला. तोवर विमान जमिनीपासून सुमारे ६० फुटांपर्यंत खाली आले होते. ए-३४० ची शेपटीच सुमारे ५५ फूट उंच असते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने (एनटीएसबी) २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. धावपट्टी बंद असल्याची सूचना, म्हणजे नोटॅम, वैमानिकांना दिलेल्या २७ पानी कागदपत्रांत आठव्या पानावर होती. वैमानिकांनी ती नीट पाहिली नाही, आणि दिशा पडताळण्यासाठी आयएलएस या उतरताना मार्ग दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेची फ्रिक्वेन्सीही लावली नाही. घटनेच्या वेळी टोरंटोत पहाटेचे तीन वाजत आले होते. कॅप्टन १९ तासांहून अधिक काळ जागा होता. दोष वैमानिकांवर टाकून थांबणे सोपे होते. पण मंडळाचे अध्यक्ष रॉबर्ट समवॉल्ट यांनी महत्त्वाची गोष्ट बिनमहत्त्वाच्या ढिगात गाडणाऱ्या नोटॅम पद्धतीवरच कठोर टीका केली, आणि ती रास्त होती.

तपासाची एक बाजू कायमची अंधारात राहिली. विमानाने पुढची उड्डाणे केल्याने कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डरमधले दोन तासांचे ध्वनिमुद्रण पुसले गेले. अमेरिकेत २५ तासांच्या ध्वनिमुद्रणाची मागणी करताना सुरक्षा मंडळाने या घटनेचाही दाखला दिला. २०२४ च्या विमानवाहतूक कायद्यात ती तरतूद आली. सॅन फ्रान्सिस्कोत शेजारची समांतर धावपट्टी रात्री बंद असेल तर केवळ नजरेच्या भरवशावर विमान उतरवण्याची परवानगी देणे घटनेनंतर थांबवण्यात आले. त्या रात्री मनोऱ्यात हवेतली आणि जमिनीवरची वाहतूक एकच नियंत्रक सांभाळत होता. रात्री उशिरा येणाऱ्या विमानांची गर्दी ओसरेपर्यंत तेथे दोन नियंत्रक ठेवण्याचेही ठरले.