तसबीर कोणाची?

बल्लारपूर सोडून वर्धा नदी ओलांडली आणि थोडें पुढें गेलें कीं राजुरा लागतें. आज या दोन तीरांत प्रवाशास कांहींच भेद दिसत नाहीं. अलीकडे तेंच रान, पलीकडे तेंच रान, तीच सागवानाची छाया आणि तोच कोळशाचा उद्योग. परंतु १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत ही नदी दोन राज्यांची सीमा होती. अलीकडच्या तीरावर मध्यप्रांतांतील चांदा जिल्हा, पलीकडे निजामाचें हैदराबाद संस्थान. राजुरा तालुका त्या संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यांत मोडत असे. १९५६ मध्यें तो मुंबई राज्यांत येऊन नांदेड जिल्ह्यास जोडला गेला, आणि १९५९ मध्यें चांदा जिल्ह्यांत सामील झाला. एका तीरावर एक कायदा आणि दुसऱ्या तीरावर दुसरा, हें ज्या गांवानें इतकीं वर्षें पाहिलें, तेथून आजच्या एका कायदेशीर वादाचा माग काढणें अगदींच अप्रस्तुत ठरूं नये.

वाद असा कीं, रंगमंचावर गात असलेल्या गायकाचें छायाचित्र कोणीं घेतलें तर त्या तसबिरीचा धनी कोण? ज्याचा चेहरा तो, ज्यानें कळ दाबली तो, कीं ज्यानें पैसे मोजले तो? मोठमोठ्या जलशांचे व्यवस्थापक छायाचित्रकारापुढें आज जे छापील करारनामे ठेवतात, त्यांत या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं आपल्या सोयीनें अगोदरच लिहून ठेविलेलें असतें. इतिहासानें मात्र तें एकाच प्रकारें दिलेलें नाहीं.

पहिलें उत्तर निजामाच्या राज्यांतच सांपडतें. मेरठजवळच्या सरधना येथें १८४४ मध्यें जन्मलेले लाला दीनदयाळ रूडकीस स्थापत्य शिकले आणि इंदूरला बांधकाम खात्यांत नोकरीस लागले. छायालेखनाचा नाद त्यांस तेथेंच जडला, व तो इतका वाढला कीं अखेरीस नोकरी सुटली आणि नादाचाच व्यवसाय झाला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनीं त्यांस आपल्या दरबारचे छायाचित्रकार नेमलें; 'राजा' आणि 'मुसव्वर जंग' या पदव्याही दिल्या. दरबार, शिकारी, मेजवान्या, लॉर्ड कर्झन यांची १९०२ मधील हैदराबादची भेट, सारें कांहीं दीनदयाळांच्या कॅमेऱ्यासमोरून गेलें. १८९२ मध्यें त्यांनीं हैदराबादेंत पडदानशीन स्त्रियांसाठीं एक वेगळी चित्रशाळा उघडली. ती उंच भिंतींच्या आंत होती आणि एका इंग्रज बाईंच्या देखरेखीखालीं चाले. तेथील तसबिरी परक्याच्या दृष्टीस पडूं नयेत ही अट कोणीं बोलून दाखविण्याचीही आवश्यकता नसावी. भिंतीची उंची हाच तेथला करारनामा!

परंतु येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. निजाम दाम देई आणि तसबिरीची प्रत घेई. मूळ काचा मात्र दीनदयाळांच्या चित्रशाळेंत राहत. किल्ले, देवळें, लेणीं, राजवाडे यांच्या प्रती ते सामान्य गिऱ्हाइकांसही विकत. १९०५ मध्यें त्यांचें निधन झालें. पुढें संस्थान लयास गेलें, तरी काचा घराण्याकडे राहिल्या. १९८९ मध्यें त्यांपैकीं २,५०० हून अधिक काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानें घेतल्या. जगांतील अत्यंत धनाढ्य पुरुषांत ज्याची गणना होई, त्या राजानेंही आपल्या छायाचित्रकाराच्या काचा हिरावून घेतल्या नाहींत. त्याच्या औदार्याचा हा पुरावा मानण्याचें कारण नाहीं; काचेची पुढें कधीं किंमत येईल हें कदाचित् त्याच्या ध्यानांतही आलें नसेल. पण त्या काळचें हैदराबाद आज डोळ्यांनीं पाहतां येतें तें बव्हंशीं या काचांमुळें.

याच सुमारास अमेरिकेंत तर आजच्या नेमका उलट व्यवहार चाले. न्यूयॉर्कचा नेपोलियन सॅरोनी हा नटनट्यांचीं छायाचित्रें विकून श्रीमंत झालेला मनुष्य. नामांकित नटीनें केवळ आपल्याच चित्रशाळेंत बसावें म्हणून तोच तिला पैसे देई. १८८२ मध्यें त्यानें ऑस्कर वाइल्ड या लेखकाची तसबीर काढली. एका शिळाछाप कंपनीनें त्याला न विचारतां तिच्या ८५,००० प्रती काढल्या. छायाचित्र हें यंत्राचें काम, त्याला कर्ता कसला, असा कंपनीचा बचाव होता. १८८४ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तो फेटाळला. वाइल्डला कसें बसवावें, कोणता पोशाख असावा, प्रकाश कोठून यावा हें ज्यानें ठरविलें तो कर्ताच होय, असा निर्णय झाला. ज्याची तसबीर त्या वाइल्डचा या खटल्यांत प्रश्नच आला नाहीं.

हिंदुस्थानांत कायदा उशीरा आला. १८४७ चा कायदा ग्रंथांपुरता होता. विलायतेंतील १९११ चा कायदा आणि त्यास धरून येथें झालेला १९१४ चा कायदा यांनीं छायाचित्रास स्पष्ट स्थान दिलें, आणि मूळ काच तयार झाल्यावेळीं ती ज्याच्या मालकीची तो कर्ता, असें ठरविलें. मात्र कोणीं मोबदला देऊन तसबीर काढवून घेतली असेल, तर वेगळा करार नसल्यास हक्क पैसे देणाराचा. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानी मुलुखांत आपोआप लागू होत नसत, हें येथें विसरतां कामा नये. चांद्यास जो हक्क या कायद्यानें मिळे, तो नदीपलीकडे राजुऱ्यास त्याच कायद्याच्या आधारें मागतां येत नसे. स्वतंत्र भारताचा १९५७ चा कायदा २१ जानेवारी १९५८ रोजीं अंमलांत आला, तो दोन्ही तीरांवर एकाच दिवशीं. राजुरा त्या दिवशीं अजून नांदेड जिल्ह्यांतच होतें. या कायद्यानें कर्तेपण काचेच्या मालकाकडून काढून प्रत्यक्ष छायाचित्र घेणाराकडे दिलें. पैसे देऊन काढविलेल्या तसबिरीचा अपवाद मात्र कायम राहिला.

जुन्या व्यवहारांतलें हें साम्य डोळ्यांपुढें ठेवून आतांचे करारनामे वाचावे. निजामानें पैसे दिले. सॅरोनीनें पैसे दिले. कायद्यानेंही हक्क हलविला तो पैसे देणाराकडे. जलशाच्या करारांत गायक छायाचित्रकारास छदामही देत नाहीं, आणि तरीही हक्क मागतो. पहिलीं तीनच गाणीं, झगझगीत दिवा लावावयाचा नाहीं, एवढ्या अटी समजण्यासारख्या आहेत. गाणाराच्या डोळ्यांवर उजेड मारणें हा असभ्यपणाच. पण छायाचित्र एकाच वृत्तपत्रांत एकदांच छापावें, स्वतःच्या संग्रहांतही दाखवूं नये, आणि गायकाच्या कंपनीस मात्र तें सर्व काळ फुकट वापरतां यावें, ही निराळीच जात.

२०१५ च्या उन्हाळ्यांत याचा स्फोट झाला. टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेनें ॲपल कंपनीस जाहीर पत्र लिहून, तीन महिने कलावंतांचें संगीत फुकट ऐकविण्याचा तिचा बेत अन्यायाचा असल्याचें सुनावलें. कंपनी नमली. लागलींच जेसन शेल्डन या इंग्रज छायाचित्रकारानें त्या गायिकेस तितकेंच जाहीर पत्र लिहिलें: आपल्या स्वतःच्या जलशाचा करारनामा एकवार वाचावा. त्यांत एकदांच छापण्याची अट तर होतीच. शिवाय करार मोडल्यास चित्रें सांठविलेलें साधन जप्त करण्याची किंवा नष्ट करण्याची मुभा होती. पुढच्याच महिन्यांत छायाचित्रकारांच्या संघटनेशीं बोलणीं होऊन तो करार सौम्य करण्यांत आला. त्याच महिन्यांत फू फायटर्स या वाद्यवृंदाच्या अशाच करारावर सही करण्याचें वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकानें नाकारलें आणि श्रोत्यांनीं काढलेलीं छायाचित्रें विकत घेऊन छापण्याचें जाहीर केलें. क्वेबेकच्या 'ल सोलेय' या पत्रानें तर छायाचित्रकाराऐवजीं चित्रकार धाडला आणि जलसा रेखाटून छापला!

असा करार करवून घेण्याचें बळ गायकापाशीं येतें कोठून? चेहऱ्यावरील हक्कांतून तें आलेलें नाहीं. बळ आहे दाराचें. सभागृह खाजगी, प्रवेश परवान्यानें, आणि परवान्याची अट म्हणजे सही. भारतांत १९९४ च्या दुरुस्तीनें गायकवादकांस प्रयोगावर हक्क मिळाले, परंतु त्यांतील दृश्य मुद्रणाची व्याख्या हलत्या चित्रांपुरती आहे. स्थिर छायाचित्र तींत बसत नाहीं, म्हणून तेथें कायद्याचें काम करारावर येऊन पडतें.

आणि करारासही आपल्या कायद्यानें कांहीं वेसण घातली आहे. हक्काचें हस्तांतर लेखी आणि सहीचें हवें. कोणती कृति, किती मुदत, कोणता प्रदेश आणि काय मोबदला, हें त्यांत नमूद हवें. मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षें धरावी, प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरावा. 'सर्व जगांत, सर्व काळ' असें ज्यांत कसलेल्या वकिलानें लिहून ठेविलें आहे, त्या करारापुढें मुदतीचा व प्रदेशाचा हा दिलासा फार पोंचत नाहीं. मोबदल्याची जागा मात्र त्यांतही रिकामीच दिसते, आणि भांडावयाचें तर तेथेंच भांडतां येईल.

वडशाकडच्या झाडीपट्टी नाटकांच्या रात्री, राजुऱ्याच्या लग्नाचा मांडव, चंद्रपुरांतील गाण्याची बैठक, या साऱ्यांस नियम हाच आहे. नाटक मंडळीनें पैसे देऊन छायाचित्रकार बोलाविला, तर वेगळा करार नसतां हक्क मंडळीचा. तो आपल्या हिंमतीवर आला असेल, तर त्याचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्क कर्त्याच्या हयातीपर्यंत आणि त्यापुढें ६० वर्षें चालतो. पूर्वी ही मुदत प्रसिद्धीपासून मोजली जाई. हक्क विकून टाकला, तरी चित्राचा कर्ता म्हणून आपलें नांव सांगण्याचा अधिकार सत्तावन्नाव्या कलमान्वयें छायाचित्रकारापाशींच राहतो.