टेम्पोरल लोब अपस्मार

टेम्पोरल लोब अपस्मार : कानशिलाच्या आत असलेल्या मेंदूच्या खंडात झटक्याचा उगम होणारा अपस्माराचा (फेफरे, मिरगी, फिट) प्रकार. हातपाय ताठरून कोसळणे, तोंडाला फेस येणे ही परिचित लक्षणे यात पुष्कळदा नसतात. झटका वागण्यातून दिसतो. म्हणून तो वेड, नशा किंवा बाहेरची बाधा समजला जातो.

लक्षणे : प्रारंभी पोटातून वर काहीतरी चढत असल्याची जाणीव, अकारण भीती, नसलेला वास किंवा हे सारे पूर्वी घडून गेल्याचा भास होतो. मग नजर शून्यात लागते. रोगी ओठ चाटतो, तोंडात घास नसताना चावत राहतो, शर्टाची गुंडी चाचपतो. हाकेला ओ देत नाही. हे बहुधा अर्धे ते दोन मिनिटे चालते. नंतर काही वेळ गोंधळलेपण राहते आणि घडलेले सहसा आठवत नाही.

कारणे : चेतापेशींतील उत्तेजन व निरोध यांचा तोल ढळला की असंख्य पेशी एकदम विद्युत् संदेश सोडू लागतात. भीतीशी निगडित अमिग्डाला आणि स्मृती घडवणारा हिप्पोकॅम्पस याच खंडात असल्याने झटका भावना व आठवणींचे रूप घेतो. हिप्पोकॅम्पसमधील पेशी नष्ट होऊन तेथे व्रण उरणे हे एक प्रमुख कारण होय. दोन झटक्यांमधल्या काळातही विस्मरण, खिन्नता व चिंता आढळतात.

निदान व उपचार : ईईजी व एमआरआय यांवरून उगमस्थान शोधतात. औषधांनी झटके आटोक्यात न आल्यास निवडक रोग्यांत एका बाजूचा ग्रस्त भाग शस्त्रक्रियेने काढतात. १९५३ मध्ये अमेरिकेत विल्यम स्कोव्हिल यांनी हेन्री मोलेसन या रोग्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. झटके कमी झाले. पण नव्या घटना लक्षात ठेवण्याची त्याची क्षमता कायमची गेली. ब्रेंडा मिल्नर यांनी केलेल्या त्याच्या अभ्यासातून स्मृतीतील हिप्पोकॅम्पसचे कार्य स्पष्ट झाले.

प्रथमोपचार : रोग्याला जखडून धरू नये, कांदा वा चप्पल हुंगवू नये, तोंडात काही घालू नये. धोक्याच्या वस्तू दूर सारून शुद्ध येईपर्यंत जवळ थांबावे. झटका पाच मिनिटांहून अधिक लांबल्यास तातडीने रुग्णालयात न्यावे.