पोत्यातली जूडी

पायाखालचं लोखंड तापलं आहे. तुमच्या पायात वहाणा नाहीत, म्हणून तुम्ही एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत उभे आहात. तेवढंही नको. या रांगेकडे पहारेकऱ्याचं लक्ष जाता कामा नये.

२५ जून १९४४. सुमात्राचं बेलावान बंदर. जपान्यांनी ताब्यात घेतलेल्या 'व्हान वारवाइक' या डच जहाजावर सातशेहून अधिक युद्धकैद्यांना उन्हात उभं केलं आहे. तुमच्या पुढ्यात फ्रँक विल्यम्स. ब्रिटिश हवाई दलातला, अजून पंचविशीही न गाठलेला. त्याच्या खांद्यावर तांदळाचं पोतं आहे. पोत्यात तांदूळ नाही, जूडी आहे. पांढऱ्या अंगावर तपकिरी डागांची, पॉइंटर जातीची, आठ वर्षांची कुत्री.

कुत्री न्यायला छावणीच्या कमांडंटने साफ मनाई केली होती. फ्रँकने वाद घातला नाही. त्याने तिला शिकवलं: खूण केली की पोत्यात शिरायचं आणि निपचित पडून राहायचं.

पोत्याकडे बघा. नका बघू. तुमच्या आजूबाजूच्या प्रत्येकाला आत काय आहे ते ठाऊक आहे आणि म्हणूनच सगळे समुद्राकडे बघतायत. यातल्या खलाशांनी १९४२ च्या फेब्रुवारीत तिच्यामुळे पाणी पाहिलं होतं. 'ग्रासहॉपर' ही त्यांची आणि जूडीची युद्धनौका सिंगापूरहून निघाली आणि बॉम्बहल्ल्यात गेली. वाचलेले एका निर्जन बेटावर लागले. गोड्या पाण्याचा थेंब नव्हता. ओहोटीच्या वेळी जूडी किनाऱ्यावर एकाच जागी उकरत राहिली आणि तिथे झरा लागला. ते पाणी प्यायलेला माणूस तिचा घात कसा करेल?

एक तास झाला. दुसरा झाला. युद्धातल्या कुत्र्यांच्या गोष्टी म्हटलं की धाव, झेप, हल्ला आठवतो. मला मात्र या जवळजवळ तीन तासांइतकं कठीण काहीच वाटत नाही. कुत्र्याला धाव म्हणणं सोपं आहे. गोणपाटाच्या काळोखात, श्वास कोंडलेला असताना, हूं की चूं करू नकोस, हे कुठल्या भाषेत सांगायचं? पोतं हलत नाही. त्यातून कण्हण्याचा आवाजही येत नाही.

ही भाषा कुठून आली ते बघायला दोन वर्षं मागे या. ऑगस्ट १९४२, मेदानजवळची ग्लुगूर छावणी. जेवण म्हणजे मूठभर पाणचट भात, पेजेच्या जवळ जाणारा. नुकताच आलेला फ्रँक बरगड्या निघालेल्या जूडीला उकिरडा हुंगताना बघतो आणि आपला वाटा तिच्यापुढे ठेवतो. स्वतःचं पोट भरलेलं असताना टाकलेला हा घास नव्हे. भूक काय असते ते तुम्हाला या छावणीत दोन दिवसांत कळलं आहे, म्हणून त्याची किंमत तुम्हाला कळते. त्या दिवसापासून ती त्याची झाली.

पहारेकरी कुणाला मारू लागला की ती दात विचकून मध्ये येई. त्यामुळे तिच्यावर बंदूक रोखली जाई. फ्रँकने एका रात्री दारू प्यायलेल्या कमांडंटला गाठलं, त्याच्या प्रेयसीसाठी जूडीचं एक पिल्लू कबूल केलं आणि जूडीला कैद्यांच्या नोंदवहीत क्रमांक मिळवून दिला: ८१-ए. कैदी म्हणून नोंद होणं हेच तिचं संरक्षण!

पुन्हा जहाजावर. उद्या दुपारी काय होणार ते इथे फक्त तुम्हालाच माहीत आहे. सांगून बघा, आवाज फुटत नाही. तुम्हाला इथे कैदी म्हणून उभं राहायची मुभा आहे, भविष्य सांगायची नाही.

२६ जून. ब्रिटिशांच्याच 'ट्रक्युलंट' पाणबुडीचे टॉर्पेडो जहाजाला लागतात. आत आपलीच माणसं आहेत हे पाणबुडीला माहीत नाही. तळाच्या अंधारात माल कोसळतोय, माणसं शिडीवर तुटून पडतायत. फ्रँक जूडीला उचलतो, गोल खिडकीतून अर्धी बाहेर काढतो. ती मान वळवून त्याच्याकडे बघते. तो तिला ढकलतो. त्या खिडकीतून माणूस मावत नाही.

पाण्यात माणसं तिला धरून तरंगतात. फ्रँक दुसऱ्या वाटेने निसटतो, वाचतो, पुन्हा कैदेत जातो, पण ती कुठेच दिसत नाही. सिंगापूरच्या छावणीत फाटकातून आत शिरताना मागून कोणीतरी त्याला जोराने आदळतं. तेलाने माखलेली जूडी. त्याच्या चेहऱ्याकडे मी बघणार नाही, तुम्हीही दोन पावलं बाजूला व्हा.

पुढचं वर्ष रेल्वेचं. पुन्हा सुमात्रा, जंगल, मलेरिया आणि पकानबारू ते मुआरो २२० किलोमीटरचे रूळ. फ्रँक तिच्या थकलेल्या डोळ्यांत बघे आणि आपण मेलो तर हिचं काय, असं स्वतःला विचारी. शेवटचा रूळ १५ ऑगस्ट १९४५ ला बसला, जपानने शरणागती जाहीर केली त्याच दिवशी. १९४६ मध्ये लंडनला जूडीच्या गळ्यात प्राण्यांच्या शौर्यासाठीचं डिकिन पदक पडलं.

आता १९५०, आफ्रिकेतलं टांगानिका, नाचिंग्वेआ. भुईमुगाच्या सरकारी प्रकल्पावर फ्रँकला नोकरी मिळाली होती, अर्थात तीही बरोबर होती. फेब्रुवारीत ती गेली. त्याने तिला आपल्या हवाई दलाच्या कोटात गुंडाळून पुरलं. गेले दोन महिने तो रानात हिंडून पांढऱ्या संगमरवराचे तुकडे गोळा करतो, फोडतो, घासतो, तिच्या स्मारकासाठी. पायाशी पडलेला एक तुकडा उचलून तुम्ही पुढे करता. तो घेतो, उलटसुलट करून बघतो, आणि घासायला लागतो.