खिडक्यांची वाटणी

म्हसवडच्या शिवारात विहिरीला पाणी असले तरी कुणी सगळे रान एकदम भिजवत नाही. आधी वाफे पाडतात. मग दारे धरणारा माणूस खोऱ्याच्या एका फटक्यात एका वाफ्याचे तोंड उघडतो, तो भरला की ते बुजवून पाणी पुढच्या वाफ्यात मोडतो. वाफ्यावर वाफा चढत नाही, दोन वाफ्यांच्या मध्ये रान मोकळे राहत नाही आणि पाणी एका वेळी एकाच ठिकाणी जाते. माणदेशात पाण्याचा हिशेब ठेवूनच शेती होते, त्यामुळे ही रीत इथे कुणाला शिकवावी लागत नाही.

माझ्या जुन्या लॅपटॉपच्या पडद्यावरही असेच वाफे आहेत. डाव्या अर्ध्या भागात लिखाण, उजवीकडे वर शब्दकोश, खाली टिपणे. चौथी खिडकी उघडली की बाकीच्या तीन आपोआप आकसून तिला जागा देतात. कळफलकाचे पाणी एका वेळी एकाच खिडकीला. लिनक्सच्या जगात या पद्धतीला टाइलिंग विंडो मॅनेजर म्हणतात. गावातली मुले जुने संगणक लिनक्सवर आणायला घेतात तेव्हा विचारतात, हे घ्यावे की ग्नोम, केडीईसारखा पूर्ण डेस्कटॉप घ्यावा? एका शब्दात उत्तर देणे मला जमत नाही. या दोन घराण्यांची कुळकथा सांगितल्याशिवाय निवड नीट होत नाही, असे माझे मत आहे.

सुरुवात शब्दापासून. इंग्रजीतली टाइल छपरावरही असते आणि जमिनीवरही. मराठीत ही दोन वेगळी नावे आहेत, कौल आणि फरशी. कौल कौलावर चढवावेच लागते, नाही तर पाऊस घरात येतो. फरशी फरशीवर चढली तर ठेच लागते. टाइलिंग म्हणजे फरशीची रीत, आणि कौलांसारख्या एकमेकांवर चढणाऱ्या खिडक्या म्हणजे डेस्कटॉपची रीत. तरीही फरशी हा शब्द मला पुरत नाही. फरशी एकदा बसली की हलत नाही. इथे तर प्रत्येक नव्या खिडकीबरोबर बांध सरकतात. म्हणून वाफा.

दोन्ही कुळांचा मूळपुरुष एकच आहे. कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो इथे झेरॉक्स कंपनीचे पार्क नावाचे संशोधन केंद्र होते. तिथे 1973 मध्ये आल्टो हा संगणक तयार झाला. ॲलन के यांच्या गटाने त्याच्यावरच्या स्मॉलटॉक या प्रणालीत एकमेकांवर पडणाऱ्या खिडक्या आणल्या. पडदा लहान आणि कागद पुष्कळ. मग टेबलावर कागद पडतात तसे एकावर एक पडू द्यावेत, हा विचार. डॅन इंगल्स यांनी पडद्यावरचा चौकोनी तुकडा झपाट्याने उचलून दुसरीकडे ठेवण्याची बिटब्लिट ही युक्ती काढली, तेव्हा तो विचार प्रत्यक्षात चालण्याजोगा झाला.

त्याच घरात लगेच दुसरे मतही निघाले. माणसे खिडक्या एकमेकांखालून ओढून काढण्यात आणि त्या झाकल्या जाऊ नयेत म्हणून सरकवण्यातच वेळ घालवतात, हे तिथल्या रचनाकारांनी पाहिले. म्हणून 1981 मध्ये झेरॉक्सने स्टार हा संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यातल्या कामाच्या खिडक्या शेजारी शेजारी बसत. एकमेकींवर चढत नसत. गंमत अशी की डेस्कटॉपचे चित्र, म्हणजे पडद्यावरचे कागद, फोल्डर, टपालाची पेटी, हे सगळे स्टारनेच लोकांपुढे आणले. आज एकमेकांसमोर उभी केली जाणारी ही दोन घराणी तेव्हा एकाच चुलीवर जेवत होती. पुढे वापरणाऱ्यांना ही शिस्त जाचू लागली आणि झेरॉक्सने खिडक्या एकमेकींवर ठेवण्याची मुभा दिली.

मायक्रोसॉफ्टचाही प्रवास तसाच झाला. 20 नोव्हेंबर 1985 ला आलेल्या विंडोजच्या पहिल्या आवृत्तीत खिडक्या वाफ्यांसारख्या लागत. तिला किमान 256 किलोबाइट स्मृती पुरे होती. डिसेंबर 1987 च्या दुसऱ्या आवृत्तीत खिडक्या एकमेकींवर आल्या आणि पुढच्याच वर्षी ॲपलने मायक्रोसॉफ्टवर दावा ठोकला. तोवर ॲपलच्या मॅकिंटॉशने सामान्य माणसाच्या डोळ्यांना कौलांची सवय लावली होती. वाफ्यांची रीत हरली ती सवयीपुढे, असे मला वाटते. ती वाईट ठरली नव्हती.

ती टिकली लिनक्सचे वळण जिथून आले त्या युनिक्सच्या वाड्यात, आणि त्याला कारण त्या वाड्याची बांधणी. 1984 मध्ये एमआयटीत रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो सिस्टिम सुरू केली. एक्सने पडद्यावर खिडकी उमटवण्याची साधने दिली. ती कुठे बसावी, किती मोठी असावी, हे मात्र ठरवले नाही. तो कारभार विंडो मॅनेजर या वेगळ्या कार्यक्रमाकडे सोपवला, आणि हा कारभारी कुणीही बदलू शकत होते. त्यामुळे 1988 मध्येच सीमेन्सच्या प्रिन्स्टनमधल्या प्रयोगशाळेतून एक्सवर वाफे पाडणारा विंडो मॅनेजर निघू शकला.

या मोकळीकीची दुसरी बाजू म्हणजे बेशिस्त. प्रत्येक कार्यक्रमाची बटणे वेगळी, मेनू वेगळा, नक्कल आणि चिकटवण्याच्या कळाही वेगळ्या. या गोंधळाला कंटाळून जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठाचा विद्यार्थी मथियास एट्रिख याने 14 ऑक्टोबर 1996 ला केडीईची हाक दिली. सगळे कार्यक्रम एका घरातले दिसावेत आणि वापरणाऱ्याला संगणकाचे शास्त्र शिकावे लागू नये, एवढीच त्याची मागणी. केडीई ज्या क्यूटी साहित्यावर उभे होते त्याचा परवाना तेव्हा पूर्ण मुक्त नव्हता. म्हणून ऑगस्ट 1997 मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केले. पूर्ण डेस्कटॉप म्हणतात तो हा. त्यात विंडो मॅनेजर हा एक गडी, आणि त्याच्या जोडीला वायफाय, आवाज, छपाई, पेनड्राइव्ह, बॅटरी सांभाळणारे दहा-पंधरा गडी.

भरलेले घर झाले की कुणाला तरी वेगळे राहावेसे वाटतेच. 2000 च्या सुमाराला आयन आणि रॅटपॉयझन हे वाफे पाडणारे विंडो मॅनेजर आले. 2006 मध्ये ॲन्सेल्म गार्बे यांनी डीडब्ल्यूएम लिहिला आणि त्याच्या मूळ संहितेचा पसारा 2000 ओळींच्या वर जाऊ द्यायचा नाही असा नियम घातला. 2007 मध्ये हॅस्केल भाषेतला एक्समोनॅड, 2009 मध्ये मायकेल स्टापेलबर्ग यांचा आयथ्री. आयथ्रीची सगळी मांडणी एका साध्या मजकुराच्या फाइलीत असते. ती उघडून वाचता येते, शेजाऱ्याला देता येते. माझ्या पडद्यावर आहे तो हाच.

आता या कथेतला आपला भाग. तो सांगितल्याशिवाय मराठी माणसाला सल्ला देणे मला अपुरे वाटते.

इंग्रजी अक्षरे ओळीने ठेवली की काम भागते. देवनागरीचे तसे नाही. ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर येतो आणि लिहिताना आधी बसतो. अक्षरे जोडली जातात, अर्धी होतात, रफार होऊन डोक्यावर चढतात. ही जुळणी करणारा वेगळा कारागीर लागतो. ग्नोमच्या घरात ओवेन टेलर यांच्या पुढाकाराने पँगो तयार झाला आणि 2002 च्या ग्नोम 2.0 मध्ये तो घराचा पाया बनला. क्यूटीचीही अशीच सोय होती. पुढे दोन्ही घराणी हार्फबझ या एकाच जुळाऱ्याकडे आली. बेहदाद इस्फाहबोद या इराणी अभियंत्याने दिलेल्या या नावातला ‘हर्फ’ म्हणजे आपल्याही बोलण्यातला हरफ. 2004 मध्ये रेड हॅटने लोहित हे टंक मुक्त केले. मराठी मेनू आणि मराठी कळफलक दोन क्लिकांत मिळू लागला तो या सगळ्यांच्या एकत्र कुटुंबात. डेस्कटॉप जड आहे अशी तक्रार करताना हे ऋण विसरू नये.

डीडब्ल्यूएमच्या माथ्यावरची पट्टी एक्सएफटी या साध्या साधनाने अक्षरे काढते, आणि त्याला जुळणी येत नाही. तिथे ‘म्हसवड’ हे नाव मोडून पडते: म वेगळा, पायाखाली हलन्त, मग सुटा ह. ‘कि’मधली वेलांटी क च्या मागे जाऊन बसते. आयथ्री पँगो वापरतो, म्हणून त्याच्या पट्टीत आपले गाव शाबूत दिसते. दोन हजार ओळींची काटकसर कुणाच्या लिपीला धरून केली होती, हे यातून कळते. ब्राउझर आणि लिब्रेऑफिस आपली जुळणी आपण करतात, तेव्हा लिखाणाला धोका नाही; टर्मिनल मात्र सारख्या रुंदीच्या चौकटींवर उभे असल्याने तिथे मराठी अजून लंगडते.

बाकीचा हिशेब साधा. आजचा ग्नोम सुरू होतानाच साधारण एक जीबीच्या आसपास स्मृती घेतो. दोन जीबीच्या यंत्रात मग ब्राउझरला काय उरणार? आयथ्रीत ती वाचते, पण गडी आपले आपण जमवावे लागतात. बॅटरी संपत आल्याचे सांगणारे कुणी मी नेमले नव्हते. दोन पानांचा मजकूर त्यात गेला.

हल्ली दोन्ही घराण्यांत सोयरीकही होते आहे. 2009 च्या विंडोज 7 मध्ये खिडकी कडेला नेली की अर्धा पडदा व्यापू लागली. 2023 च्या केडीई प्लाझ्मा 5.27 मध्ये वाफे आखण्याची सोय आली, आणि 2024 मध्ये मॅकलाही कडेला खिडकी बसवणे आले.

माझा कौल असा. संगणक घरात सगळे वापरत असतील, आई त्यावर वीजबिल भरत असेल, भाऊ छपाई करत असेल, तर पूर्ण डेस्कटॉपच ठेवा. यंत्र जुने असेल तर एक्सएफसीईसारखा हलका. यंत्र एकट्याचे असेल, काम मुख्यतः टंकण्याचे असेल आणि एक फाइल बसून वाचायची तयारी असेल तर आयथ्री घ्या. एकासाठी दुसरे काढावे लागत नाही. दोन्ही एकाच यंत्रावर राहतात, प्रवेशाच्या पडद्यावर कुठे जायचे ते निवडता येते, आणि दोन्हींना पैसा पडत नाही. काहीही घेतलेत तरी पहिल्या दिवशी एक कोरी फाइल करा, तिला ‘म्हसवड’ नाव द्या आणि ती उघडून खिडकीचा मथळा वाचा. नाव अखंड दिसले तरच पुढे जा.