प्रवाळभित्तींचे पुनरुज्जीवन

जहाज आदळून किंवा नांगर घासून भंगलेली प्रवाळभित्ती सावरण्याचा शास्त्रशुद्ध इतिहास अलीकडचा आहे. सूक्ष्म प्राण्यांच्या चुनखडीच्या सांगाड्यांपासून बनणारी ही भित्ती अत्यंत मंदगतीने वाढते. घुमटाकार प्रवाळांची वाढ वर्षाला सु. १ सेंमी. किंवा त्याहूनही कमी असते.

४ ऑगस्ट १९८४ रोजी ‘वेलवुड’ हे १२२ मी. लांबीचे मालवाहू जहाज फ्लॉरिडातील मोलॅसिस भित्तीवर चढले आणि ५,८०५ चौ. मी. क्षेत्रातील जिवंत प्रवाळ नष्ट झाले. भंगलेला तळ बांधून काढण्याचे काम २००२ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी झाले. दरम्यान १९८९ मध्ये आणखी तीन जहाजे तेथील भित्तींवर आदळल्यामुळे १९९० मध्ये त्या सागरी क्षेत्रास कायद्याने संरक्षण मिळाले.

महाराष्ट्रात मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील खडकांवर प्रवाळ आढळतात. १९८७ मध्ये येथील २९.१२ चौ. किमी. क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. परंतु उपजीविकेवर निर्बंध येतील या भीतीने मच्छीमारांनी त्यास विरोध केला. येथे मोठ्या जहाजांपेक्षा होड्यांचे नांगर व पर्यटकांचा वावर यांचा उपद्रव अधिक आहे. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने २०११ नंतर राबविलेल्या प्रकल्पात कृत्रिम आधारांवर प्रवाळांचे तुकडे बांधून त्यांचे रोपण करण्यात आले.

रोपणाने तुटलेला तुकडा जगू शकतो. मात्र दीर्घकाळात उभी राहिलेली भित्ती लगेच परत मिळत नाही. म्हणून नांगर न टाकता होडी बांधता येईल असे स्थिर बोये बसविणे आणि ही व्यवस्था मच्छीमारांच्या संमतीने चालविणे, हे पुनरुज्जीवनापेक्षा अधिक महत्त्वाचे ठरते.