काचेवरचं निदान

परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी घेतली. स्लाइडसाठी काप घेणारी तंत्रज्ञ म्हणून मी माझा वारसा तिथपासून मोजते. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा, मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर चार-पाच मायक्रॉनचा काप घ्यायचा. हेमॅटॉक्सिलिननं पेशीकेंद्रं निळी-जांभळी, इओसिननं भोवतालचं गुलाबी. मग पॅथॉलॉजिस्ट निदान करतात. कर्करोगाची पायरी ठरवणारी टीएनएम पद्धत फ्रान्सच्या पियेर देन्वा यांनी 1943 ते 1952 दरम्यान घडवली: मूळ गाठ, लसिकाग्रंथी, दूरचा फैलाव. आता स्कॅन आले, जनुकचाचण्या आल्या. तरी काप जाड आला, तर मी दुसरा घेतेच. उपचाराची दिशा त्यावर ठरते.